भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने : एका वाक्याचा इतिहास

महामार्गालगतच्या पोलीस ठाण्यांच्या मागच्या आवारात बहुधा वाहनांचे एक लहानसे स्मशान असते. केबिन आत दबलेला ट्रक, छप्पर चेपलेली मोटार, चाके वाकलेल्या दुचाकींचा ढीग. बसलेल्या टायरांतून गवत वर आलेले आणि कुठेतरी पांढऱ्या रंगात रंगवलेला गुन्ह्याचा क्रमांक. पोलिसी परिभाषेत हा सगळा ‘मुद्देमाल’. जप्त केलेली वाहने ठाण्यात दीर्घकाळ कुजत ठेवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून, योग्य ती हमी घेऊन ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. तरीही गंजलेले सांगाडे उभेच दिसतात. त्यांच्याकडे पाहताना एक बाळबोध प्रश्न मनात येतो : या ट्रकने नेमके काय केले होते?

प्रश्न बाळबोध असला तरी मूर्खपणाचा नाही. इंग्लंडमध्ये तो कित्येक शतके प्रत्यक्ष कायदाच विचारत होता. एखाद्या वस्तूमुळे माणूस मेला, तर ती वस्तू राजाकडे जमा होई. मग ती गाडी असो, घोडा असो, की पाणचक्कीचे चाक असो. या प्रथेला ‘डिओडँड’ म्हणत. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘देवाला द्यावयाचे’. (त्या दोन शब्दांतले आपल्या ‘देव’ शब्दाशी आणि ‘दा’ धातूशी असलेले सगेपण भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.) राजाने ती किंमत धर्मकार्याला लावावी, अशी मूळ कल्पना. मृत्यूची चौकशी करणारे पंच वस्तूची किंमत ठरवत आणि तेवढी रक्कम मालकाकडून वसूल होई. चालकाचा हेतू काय होता, त्याने काळजी घेतली होती का, हे प्रश्न येथे गौण होते. वस्तू हलली आणि माणूस मेला, एवढे पुरे. मृताच्या बायकामुलांचा या व्यवहारात हक्क म्हणून काहीही नसे.

आपल्याकडचा जुना विचार याहून गुंतागुंतीचा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांविषयी सलग काही श्लोक आहेत. स्मृतिग्रंथांकडे आपण सहसा ज्या वादांसाठी जातो, त्यांच्या गर्दीत ते वाचायचे राहून जातात. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी किंवा उलटी फिरली, आस किंवा चाक मोडले, चामड्याचे बंध, जोत किंवा लगाम तुटला, किंवा गाडीवान ‘बाजूला व्हा’ असे ओरडला, तर दंड नाही. हा यांत्रिक दोषाचा बचाव झाला, आणि शेवटची बाब म्हणजे भोंग्याचा. पण गाडीवानाच्या अकौशल्यामुळे गाडी भलतीकडे गेली, तर मालकाला दोनशेंचा दंड. गाडीवान निष्णात असेल, तर दंड त्याला. आणि तो अनाडी असेल, तर त्याच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभरांचा दंड! अनाडी माणसाच्या हाती लगाम देणारा मालक आणि त्याच्या मागे निर्धास्त बसणारे प्रवासी, या सर्वांना येथे दोषाच्या वर्तुळात ओढले आहे. परवाना नसलेल्या चालकाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाचे काय करावे, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये विस्तृत निकाल द्यावा लागला. विमा कंपनीने आधी बळीला पैसे द्यावेत व नंतर मालकाकडून वसूल करावेत, अशी वाट त्यातून पक्की झाली. प्रश्न तोच आहे. उत्तर मात्र पार बदलले आहे, कारण मनूच्या या श्लोकांतला दंड राजाचा आहे. वस्तूंचे नुकसान झाल्यास ते धन्याला भरून द्यावे, असे शेजारचाच श्लोक सांगतो. चाकाखाली मेलेल्या माणसाच्या घरच्यांविषयी हे श्लोक गप्प आहेत.

ही गप्प राहण्याची रीत इंग्रजी कायद्यात एका वाक्यात येऊन थिजली. सन १८०८. एक माणूस आणि त्याची पत्नी प्रवासी घोडागाडीच्या टपावर बसून चालले होते. गाडी उलटली. पत्नी जबर जखमी झाली आणि महिनाभराने इस्पितळात वारली. पतीने गाडीवाल्यांवर दावा लावला. ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ या खटल्यात लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला सांगितले, की दिवाणी न्यायालयात मनुष्याच्या मृत्यूबद्दल हानी म्हणून तक्रार करता येत नाही. पतीला भरपाई द्यायची ती पत्नी जिवंत होती तेवढ्या काळापुरतीच. शंभर पौंड मिळाले. गाडीवाल्यांच्या दृष्टीने याचा अर्थ उघड होता : प्रवाशाला जखमी करण्यापेक्षा ठार करणे स्वस्त.

या खटल्याचा वृत्तान्त ज्याने टिपून छापला, तो जॉन कॅम्बेल नावाचा तरुण वकील होता. अडतीस वर्षांनी, लॉर्ड कॅम्बेल म्हणून, त्यानेच हा नियम मोडणारा कायदा करून घेतला. स्वतः नोंदवलेले वाक्य माणसाच्या मनात किती वर्षे ठसठसत राहिले असेल, याची कल्पना करण्याचा मोह मला आवरत नाही. पण त्याला पुरावा नाही. त्या अडतीस वर्षांत काय घडले, हे मात्र सांगता येते.

घडले ते असे, की वेग वाढला. डी क्विन्सी याने १८४९ मध्ये ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात टपालगाडीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, तो साहित्याचे विद्यार्थी स्वप्नगद्याचा नमुना म्हणून वाचतात. मला तो अपघाताच्या कायद्याचा दस्तऐवजही वाटतो. रात्रीची वेळ आहे. एका डोळ्याचा धिप्पाड गाडीवान अनेक रात्रींच्या जागरणाने लगाम हातात धरूनच झोपी गेला आहे. शेजारी अफूच्या अर्काच्या अंमलाखाली लेखक बसला आहे. गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने दौडते आहे, आणि समोरून एका हलक्या गाडीत एक तरुण जोडपे येत आहे. लेखक ओरडतो. समोरचा तरुण शेवटच्या क्षणी आपली गाडी वळवतो, पुसटसा धक्का बसतो, आणि टपालगाडी न थांबता पुढे निघून जाते. या प्रसंगात दोषी कोण? झोपलेला चालक, त्याला जागरण घडवणारी परिस्थिती, बादशाही थाटाने दौडणारी टपालयंत्रणा, की पाहत असूनही हात न हललेला प्रवासी? डी क्विन्सी उत्तर देत नाही. त्याला आकर्षण आहे ते अपघाताच्या आधीच्या काही क्षणांचे, आणि त्या क्षणांत बेदरकारपणा कुणा एकाचा राहतच नाही. रात्रभर ट्रक हाकणाऱ्या चालकाविषयी आज जे लिहिले जाते, त्यात दोषाचे हे वाटप इतक्या बारकाईने केलेले मला क्वचितच आढळले आहे.

निबंध छापून आला तेव्हा टपालगाड्या इतिहासजमा होत होत्या आणि आगगाडी आली होती. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी सोनिंगजवळच्या खोल खिंडीत कोसळलेल्या दरडीवर आदळली. नाताळासाठी गावी परतणारे मजूर इंजिनाच्या लगेच मागे जोडलेल्या उघड्या वाघिणींत बसले होते. मागून जड मालाच्या वाघिणी रेटत आल्या आणि हे लोक मध्ये चेंगरले. आठ जण जागीच मेले. चौकशीच्या पंचांनी जवळजवळ विसरली गेलेली जुनी प्रथा शोधून काढली आणि इंजिन व वाघिणींवर एक हजार पौंडांचा डिओडँड लावला.

शतकभर हा डिओडँड नाममात्र झाला होता. पंच काही शिलिंग किंमत लिहून मोकळे होत. आता सामान्य लोकांतून आलेल्या या पंचांनी त्यात राग ओतला. त्यांना खरे तर कंपनीला शिक्षा करायची होती. कायद्याने त्यांच्या हाती दिली होती ती केवळ इंजिनाची किंमत. ही रक्कम पुढे तांत्रिक मुद्द्यावर टिकली नाही. पण रेल्वे कंपन्या हादरल्या, आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने एकाच वर्षी दोन कायदे केले. एकाने डिओडँड रद्द झाला. दुसऱ्याने, म्हणजे कॅम्बेलच्या कायद्याने, मृताच्या पत्नीला, पतीला, मुलांना व आईवडिलांना भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. पैसा राजाकडून घराकडे वळला. पण जाताना त्याने एक अट बरोबर नेली : दुसऱ्याच्या चुकीने, हयगयीने मृत्यू झाला हे सिद्ध करावे लागेल. वस्तू निर्दोष ठरली आणि तिच्या जागी एक पात्र आले, बेदरकार चालक. ते पात्र उभे करण्याची जबाबदारी आली विधवेवर.

हिंदुस्थानात पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. कॅम्बेलच्या कायद्याची हिंदी आवृत्ती १८५५ मध्ये आली. रुळांमागोमाग दोन वर्षांत कायदा यावा हा योगायोग नसावा. फौजदारी बाजू १८६० च्या दंडसंहितेने सांभाळली. तिचे कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकण्याविषयीचे. ते लिहिले गेले तेव्हा मोटारगाडी जगात नव्हती. हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम ३०४-अ पुढे १८७० मध्ये जोडले गेले. घोडागाडीसाठी बेतलेला हा अंगरखा दीडशेहून अधिक वर्षे ट्रकच्या अंगावर होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि कलम २७९ चे मापही फारसे न बदलता तिच्या कलम २८१ मध्ये उतरले.

येथून आपल्या मराठी वाक्याचा प्रवास सुरू होतो. अपघाताची कोणतीही मराठी फिर्याद उघडून पाहावी. तारीख, ठिकाण, वाहनाचा क्रमांक कोणताही असो, मध्यावर हे वाक्य येतेच : अमुक चालकाने ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून’ अपघात केला. एकदा मी वर्गात अशी एक फिर्याद वाचायला दिली आणि विचारले, की यातले कोणते शब्द फिर्याद देणाऱ्याच्या तोंडचे असतील? फिर्यादी एक शेतकरी होता. त्याचा भाऊ सायकलवरून जाताना टेम्पोखाली सापडला होता. विद्यार्थ्यांनी एकमताने ‘धाडकन आवाज आला’ एवढेच शब्द बाजूला काढले. बाकी सारे ठाण्यातल्या लेखनिकाचे, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या मेकॉलेच्या मसुद्याचे.

शब्दही तपासण्यासारखे आहेत. ‘भरधाव’ हा उघडच धावणाऱ्या जनावराचा शब्द. ‘बेदरकार’ फारसीतून आलेला. दरकार म्हणजे गरज, पर्वा. मूळ कलमात ‘बेदरकार किंवा हयगयीचे’ असे आहे, फिर्यादीत मात्र नेहमी ‘व’ असतो. हा फरक क्षुल्लक नाही. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होलोवे यांनी १८७२ मध्येच या दोन मनोवस्था वेगळ्या करून दाखवल्या होत्या : बेदरकार माणसाला धोका दिसतो आणि तो टळेल या भरवशावर तो पुढे जातो, हयगय करणाऱ्याला जो धोका दिसायला हवा होता तो दिसतच नाही. एकाच क्षणी एकाच माणसाला धोका दिसणे आणि न दिसणे हे कठीण आहे. ठाण्यातले ‘व’ हे अव्यय मात्र प्रत्येक चालकाकडून हे अवघड काम करून घेते. त्या ‘व’ मागे करुणा आहे, असे मला वाटते. भरपाईचा दावा चालकाच्या दोषावर उभा राहणार असेल, तर दोषाचे कोणतेच दार उघडे राहू नये, याची ती तजवीज आहे.

हयगय नसलेला, निव्वळ बेदरकारपणाचा शुद्ध नमुना म्हणजे कसरतीसाठी, देखाव्यासाठी गाडी हाकणारा. ही जात मोटारगाडीइतकीच जुनी आहे. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून मेली. पेट्रोल मोटारीने पादचारी मरण्याची ब्रिटनमधली ही पहिली नोंद मानतात. ती मोटार कामाला चाललेली नव्हती; नव्या यंत्राची जाहिरात म्हणून लोकांना फेऱ्या मारून दाखवणे चालू होते. चालकाचे म्हणणे, वेग ताशी चार मैल होता. एका साक्षीदाराला तीच गाडी आगीच्या बंबासारखी सुसाट येताना दिसली. पंचांनी अपघाती मृत्यू ठरवला आणि असे पुन्हा घडू नये अशी आशा मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली. तीनच महिन्यांनी वेगमर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढवणारा संसदेचा कायदा लागू झाला. येथेही फिर्यादीच्या वाक्याचीच लढाई दिसते : ताशी चार मैल की आगीचा बंब?

मोटारी वाढल्या तसे उमगले, की दोषी चालक सापडून उपयोग नाही. त्याच्याकडे पैसे असायला हवेत. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, आणि त्याच कायद्याने मोटारींवरची ताशी वीस मैलांची मर्यादाही काढून टाकली. सुरक्षेची उशी ठेवली आणि त्याच हाताने कठडा काढला. वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा १९३४ च्या कायद्याने परत आणावी लागली. त्या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली होती. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, पण त्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ रोजी लागू झाले. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि दिवाणी न्यायालयातल्या भारी कोर्टफीतून गरिबांची सुटका झाली.

विमा सक्तीचा झाल्यावर खरे तर दोषाची गोष्ट अनावश्यक व्हायला हवी होती. पैसे चालक देत नाही. सर्वांच्या हप्त्यांचा निधी देतो. मग मेलेल्या माणसाच्या मुलांना काय मिळावे, हे ट्रकवाला झोपला होता की जागा होता यावर का अवलंबून असावे? मुंबईतल्या लॉरी-मोटार टकरीच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने हाच विचार मांडला, की भरपाईसाठी चालकाची हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाला १९७७ मध्ये हे मान्य झाले नाही. दोष सिद्ध व्हायलाच हवा, असे त्याने सांगितले. मात्र यांत्रिक दोष होता असे मालक म्हणत असेल, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे त्यानेच दाखवावे, असेही ठरवले. मनूच्या मोडक्या आसाला येथे निदान उलटतपासणी तरी झाली.

दोन वर्षांनी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे पंजाबातला एक ट्रकचालक आला. त्याच्या ट्रकखाली स्कूटरस्वार मेला होता आणि दोन वर्षांची सजा कमी करून मागण्यात आली होती. कृष्ण अय्यर शिक्षेच्या बाबतीत मवाळ म्हणून ओळखले जात. येथे त्यांनी सजा कायम ठेवली. रस्त्यावरच्या भयाण सांगाड्यातून घटना स्वतःच बोलते, या जुन्या लॅटिन तत्त्वाचा त्यांनी आधार घेतला. पण त्याच छोट्या निकालात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : आपल्या न्यायव्यवस्थेचे लक्ष बळीकडे जात नाही, आणि कैद्यावर अवलंबून असलेल्यांच्या हालांकडेही जात नाही. बळी आणि बेदरकार चालकाचे कुटुंब, या दोघांना एका वाक्यात शेजारी बसवणारा हा निकाल अपघाताच्या इतिहासात मला फार मोलाचा वाटतो.

त्यातल्या पहिल्या अर्ध्याकडे पुढे लक्ष गेले. १९८२ मध्ये दोष न विचारता देण्याची रक्कम आली, मृत्यूला पंधरा हजार. १९८८ च्या कायद्यात पंचवीस, १९९४ मध्ये पन्नास हजार. वय व उत्पन्नाच्या कोष्टकावरून दोष न विचारता भरपाई देणारे कलम १६३-अ हेही १९९४ चेच. २०१९ च्या दुरुस्तीने ही व्यवस्था बदलून कलम १६४ आले. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. त्याहून अधिक हवे असेल, तर पुन्हा आपले जुने वाक्य : भरधाव वेगाने, हयगयीने.

वाक्यावर पैसे मिळू लागले, की वाक्यांचे कारखानेही निघतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बनावट अपघात दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमायला लावले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पथकाच्या कूर्मगतीबद्दल फटकारले आणि राज्याच्या बार कौन्सिलने काही वकिलांना निलंबित केले. अशा दाव्यांच्या साच्यात कुठे दुसऱ्याच कारणाने झालेला मृत्यू अपघात म्हणून सादर होतो, कुठे विमा नसलेल्या वाहनाच्या जागी विमा असलेले वाहन उभे केले जाते, कुठे परवाना असलेला चालक नंतर बसवला जातो. नाव, वाहन, साक्षीदार बदलतात. मधले वाक्य बदलत नाही, कारण ते मुळातच कुणाच्या अनुभवातून आलेले नसते. कथात्म साहित्यात ‘विश्वसनीयता’ कशी निर्माण होते, हे शिकवणाऱ्यांनी हे दावे जरूर पाहावेत. विमा कंपनीचे अन्वेषक ते नेमके चांगल्या समीक्षकासारखे वाचतात : तपशील फार गुळगुळीत आहे, फिर्याद फार उशिरा आली आहे, वाहनाचा क्रमांक पहिल्या जबाबात नव्हता.

वाहनालाही पुन्हा बोलावणे आले. विमा नसलेल्या वाहनाने अपघात केल्यास ते मालकाला परत न देता, पुरेशी हमी न मिळाल्यास विकून पैसे न्यायाधिकरणाकडे जमा करावेत, असे नियम सर्व राज्यांनी करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. देवाच्या नावाचा पडदा दूर सारला, तर हा डिओडँडच आहे. फक्त यावेळी पैसा मृताच्या घरी जातो. आरंभी पाहिलेल्या ठाण्याच्या आवारातल्या एखाद्या सांगाड्यामागे अशी गोष्टही असू शकते.

कृष्ण अय्यर यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा, म्हणजे दोषी चालकाचे घर, मात्र अंधारातच राहिला. न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर ट्रकचालक रस्त्यावर उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन आगारांतून टँकर निघेनात आणि गावोगावी पंपांवर रांगा लागल्या. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षे, असे चालक सांगत होते. ते उपकलम स्थगित ठेवले गेले. त्या दिवसांत आपल्यापैकी बहुतेकांना चिंता होती ती पेट्रोलची, हे मान्य करायला हवे.

आणि मग जुलै २०२५ मधला तो निकाल. कर्नाटकात २०१४ मध्ये एक मोटार उलटली. चालवणारा मेला, गाडीत त्याच्या घरची माणसे होती. त्याची पत्नी, मुलगा आणि आईवडील यांनी ऐंशी लाखांची भरपाई मागितली. पोलिसांच्या दोषारोपपत्रात मृत चालकाचाच बेदरकारपणा व हयगय नोंदलेली होती. ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याचेच वारस त्या चुकीबद्दल भरपाई मागू शकत नाहीत, असे म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दावा फेटाळला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. काही वृत्तांत या निकालाला ‘स्टंट’ हा शब्द चिकटला. प्रत्यक्षात वळणावरची कसरत नव्हती, मोबाइलवरची चित्रफीत नव्हती. होता तो वेग आणि उलटलेली गाडी. शर्यती आणि वेगाच्या चाचण्या यांना शिक्षा सांगणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्येही तो शब्द नाही. पण शब्द चिकटला आणि एका घराच्या दाव्याचे उत्तर वाचकाच्या मनात आपोआप तयार झाले : स्टंट करतो काय, भोग.

कायद्याच्या तर्काने निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. २००९ मधल्या एका प्रकरणात उसनी घेतलेली मोटारसायकल चालवणारा, पुढची बैलगाडी अचानक थांबल्यामुळे आदळून मेला. त्याच्या घरच्यांना कलम १६३-अ चा लाभ नाकारताना, चालवणारा हा मालकाच्या जागी उभा असतो आणि स्वतःविरुद्ध दावा लावता येत नाही, हीच कारणमीमांसा होती. मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघाताचे वेगळे कवच असते. २०१८ पासून त्याची किमान रक्कम पंधरा लाख आहे, पण ते कराराचे देणे आहे, कॅम्बेलने दिलेला हक्क नव्हे.

पण याच देशात १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पगारी ट्रकचालक कामावर असताना मेला, तर त्याखाली घरच्यांना भरपाई मिळते. चूक कुणाची, हे विचारले जात नाही. जखमी कामगार दारू प्यायलेला असेल तर मालक सुटतो. पण तोच कामगार मेला, तर त्या कारणाने मालक सुटत नाही, अशी स्पष्ट तरतूद १९३३ पासून आहे. मेलेल्या माणसाचा दोष त्याच्या मुलांच्या ताटातून वसूल करायचा नाही, हे नव्वद वर्षांपूर्वीच एका कायद्याला समजले होते. ज्या कायद्याने मजुरीचे नाते पाहिले, त्याला हे समजले. ज्याने चालकाचे चारित्र्य पाहिले, त्याला नाही.

त्या उलटलेल्या मोटारीकडे पुन्हा एकदा पाहावे. अशा गाडीत मागच्या आसनावर बसून जखमी झालेल्या प्रवाशाला, विम्याचे कवच त्याच्यापर्यंत पोहोचत असेल, तर न्यायाधिकरणात जाता येते. त्याचा वकील दोषारोपपत्रातले तेच वाक्य वाचून दाखवील : चालकाने भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने. त्या वाक्यावर त्या प्रवाशाला पैसे मिळतील. आणि त्याच वाक्यावर चालकाच्या बायकोचा अर्ज फेटाळला जाईल. दोन्ही अर्ज एकाच घराच्या पत्त्यावरून आलेले असू शकतात.